सावडीचे तास

नितीनसाहेबांनी आवाज चढवला नाही, हेच गोदीला जास्त लागलं. माणूस ओरडला की त्याच्या ओरडण्याला तरी काही उत्तर देता येतं. साहेबांनी दार लोटून घेतलं, खुर्ची पुढे केली, पाण्याचा पेला सरकवला आणि टेबलावरचा कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. पडद्यावर काजू फोडायच्या खोलीचं दार आणि हात धुवायची मोरी दिसत होती. वरून, झाडावरल्या पाखराला दिसावी तशी. कोपऱ्यात आकडे पळत होते.

"ही कोण, गोदीबाई?"

"मीच."

"काय करताय?"

"हात धुतेय. राख लावून."

"वाजले किती?"

आकडे तिला वाचता येत होते. सहा वाजून चार मिनिटं. मग पडद्यावरच्या गोदीनं पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि दाराबाहेर पाऊल टाकलं. सहा वाजून अकरा मिनिटं.

"कुठे निघाला होतात?"

"खोडाळ्याला. सप्त्याच्या कीर्तनाला."

साहेबांनी रजिस्टर उघडलं. तीच तारीख, कविताचं गोल गोल अक्षर : गोदी, जादा काम, सहा ते आठ. पुढच्या पानावर दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही.

"तीन दिवस," साहेब म्हणाले. "तुम्ही तिकडे टाळ्या वाजवताय आणि इथे तुमचे तास लागतायत. देवाच्या नावानं तरी असं करू नये."

गोदीच्या ओठावर उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं. कारण ते उत्तर तिच्या एकटीचं नव्हतं.

हा काजूचा कारखाना मोखाड्याहून खोडाळ्याला जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला लागतो. पत्र्याची लांब शेड, पुढे टरफलांचा काळा ढीग. बी वाफेवर शिजवून वाळवायची, मग एकेक पातीत धरून फोडायची. हातानं दांडा, पायानं खटका. टरफलातून जे तेल सुटतं ते कातडी जाळतं. साहेबांनी हातमोजे दिले होते, पण मोज्यांनी बी निसटते, म्हणून बायका गोडं तेल आणि राख लावून बसत. वर्षभर फोडलं की बोटांची सालं निघतात आणि बोटांवरच्या रेघा पुसून जातात. दारातलं हजेरीचं मशीन काजूगराची सालं काढणाऱ्या बायकांना ओळखायचं, पण फोडणाऱ्या बायकांना नाही. त्यांचा अंगठा लावला की लाल दिवा. म्हणून फोडणाऱ्या चौदा बायकांची हजेरी वहीत होती, आणि वही कविताच्या हातात. कविता मोखाड्याची, बारावी झालेली, वयानं सगळ्यांत लहान आणि हुद्द्यानं सगळ्यांत मोठी.

जादा कामाची यादी पंधरवड्याला लागायची. सात बायका एका यादीत, सात दुसऱ्या. जिची पाळी चुकली तिचं नाव पुढल्या यादीतून कटलं. साधा हिशोब होता, त्यात कोणाचं वाकडं नव्हतं.

आषाढात तुळशीची पाळी होती आणि तिच्या घरी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी. तुळशी सूर्यमाळच्या अंगाला असलेल्या पाड्यावरची, दोन खाचरं भात आणि वर उतारावर नागली. गोदीचं घरही त्याच पाड्याला, पण ओढ्याच्या अलीकडे, जिथे जमीन नसलेल्यांची सहा घरं आहेत. आवणी सावडीनं होते हे या डोंगरात कोणाला सांगावं लागत नाही. आज माझ्या खाचरात तू वाक, उद्या तुझ्या खाचरात मी वाकते. पैसा नाही, कागद नाही. ज्याचं शेत त्याचं पीक, आणि ज्याचे हात लागले त्याचे तितके दिवस अंगावर. मात्र सावडीला आलेल्या माणसांना संध्याकाळी जेवू घालायचं घरच्या बाईनं. तुळशी घरी नसती तर वीस माणसं उपाशी उठली असती.

"गोदे, आठ दिवस माझ्या जागेवर बसशील?" तुळशीनं ओढ्यावर धुणं आपटता आपटता विचारलं होतं. "मी फेडीन. सावड धर."

सावड धर. हे दोन शब्द तुळशीला वाऱ्यासारखे सहज. गोदी मात्र धुण्याचा पिळा हातात धरून तशीच उभी राहिली होती. चाळीस वर्षांत तिच्याशी कोणी सावड धरली नव्हती. कशी धरणार? सावडीला दोन्हीकडे शेत लागतं. ज्याला शेत नाही त्यानं मजुरीला जायचं, संध्याकाळी पैसे घ्यायचे, चुलीपाशी बोलावलं तर जेवायचं, नाहीतर घरची वाट. गोदीची आई तशी गेली, बाप तसा गेला, नवरा लक्ष्या दर दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो तोही तसाच. आणि आता तुळशी म्हणत होती, माझ्या जागेवर बस, मी तुझ्या जागेवर बसेन. म्हणजे काजू फोडायची ती लोखंडी पात, ते लाकडी स्टूल, ही गोदीची जागा झाली होती. तिचं खाचर म्हणा.

आठ संध्याकाळी ती तुळशीच्या जागेवर बसली. कवितानं यादीत बघून तुळशीचं नाव लिहिलं. शेतात कोण वाकलं हे कोणी विचारत नाही; पीक शेताच्या धन्याच्या नावानं येतं. कविताही याच मातीतली, तिनंही विचारलं नाही.

मार्गशीर्षात गोदीचं नाव यादीत आलं आणि खोडाळ्यात सप्ता बसला. गोदीला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. मांडवाच्या मागल्या खांबाला टेकून बसायचं, पाय पोटाशी, आणि बुवांनी हात वर केला की सगळं अंग कान व्हायचं. यंदाचे बुवा नवे होते, गळा असा की मृदंग त्याच्या मागे धावायचा. शेवटच्या तीन दिवसांसाठी तुळशीच म्हणाली, "जा तू. मी बसते. माझे दिवस फिटू दे की." गोदी गेली. दुसऱ्या दिवशीच्या निरूपणात बुवा बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "देवाच्या दारात हजेरी कोणाची लागते, बाबांनो? अंगाची का मनाची? अंग इथं बसलंय आणि मन गोठ्यात, तर हजेरी गोठ्यात." मांडव हसला. गोदीही हसली होती, की माझं मेलीचं मन इथं, अंग इथं, फक्त नाव तेवढं कारखान्यात.

ते हसू आता, साहेबांच्या टेबलापुढे, तिला आठवलं.

"बोलत का नाही?" नितीनसाहेबांनी विचारलं. "काही कारण असेल तर सांगा."

कारण सांगितलं तर आषाढ उकरला जाईल. साहेब आषाढाचा कॅमेरा लावतील आणि आठ दिवस तुळशी सहा वाजता चपला घालताना दिसेल. गोदीचे तीन दिवस, तुळशीचे आठ.

"काय नाय," ती म्हणाली.

साहेबांनी सुस्कारा सोडला. वाईट माणूस नव्हता तो. नाशिकच्या ऑफिसातून आलेला, बायकांना बाई म्हणणारा, पावसात जीप मिळाली नाही तर स्वतःच्या गाडीनं सोडणारा. "हे मी शोधलेलं नाही, नाशिकला शोधलंय," तो म्हणाला. "कागद तिकडून आलाय. सोमवारी सही करा आणि कामाला लागा. फक्त जादा कामाला पुन्हा नाव लागणार नाही. मी एवढंच करू शकतो."

कागदावर तीनच ओळी होत्या. कवितानं वाचून दाखवल्या, मान खाली घालून. मी न केलेल्या कामाचे खोटे तास लावले. मला चूक मान्य आहे. पुन्हा असे करणार नाही.

घरी येऊन गोदीनं चूल पेटवली, पण तवा चढवला नाही. कागद म्हटलं की तिला बाप दिसायचा. ती सात-आठ वर्षांची असताना कोणाच्या तरी सागाचा ओंडका चोरीला गेला. बाप त्या दिवशी तापानं पडलेला. तरी पोलिसांनी चौकीवर नेलं त्याला, कारण जमीन नसलेल्यांच्या घरापासून शोध सुरू करायचा हीच रीत. "अंगठा लाव आणि घरी जा," म्हणाले. तापात उभं राहवत नव्हतं, त्यानं लावला आणि घरी आला. पुढे बारा वर्षं कोंबडी जरी हरवली तरी माणसं आधी त्याच्या दारात यायची आणि म्हणायची, तुझा तर कागद आहे. मरताना तो म्हातारा काही मोठं बोलला नाही. पाणी मागितलं आणि गेला. पण तो अंगठा गोदीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आणि या कागदात आणखी एक काटा होता. खोटे तास म्हटलं की सावड खोटी. आयुष्यात एकदा कोणीतरी तिच्याशी बरोबरीनं सावड धरली, ती लबाडी होती असं तिनंच लिहून द्यायचं.

शनिवारी तुळशी आली. तिला कळलं होतं. दाराशी उभीच राहिली.

"मी सांगू का साहेबांना?"

"सांगशील तं आषाढ निघंल," गोदी म्हणाली. "मंग मी तीन दिवसांची चोर आणि तू आठ दिवसांची. तुलाच बक्षीस."

तुळशी हसायला गेली, पण हसू पुरं झालं नाही. "अर्जुन म्हणतो, गप ऱ्हा. म्हणतो, काम तं राहतंय ना तिचं, करू दे सही."

"नवरा शाना हाय तुझा."

"टोमणा नको मारू गो."

"नाय मारत. खरंच शाना हाय. माझा इथं असता तं तोही हेच बोलला असता."

तुळशी थोडा वेळ कुडाच्या भिंतीवरचे पोपडे नखानं काढत राहिली. "घरची धा तोंडं हायेत माझ्या," ती म्हणाली आणि गेली. गोदीला तिचा राग आला नाही. आला असता तर सोपं झालं असतं.

रविवारी ती तुकाबाबाकडे गेली. तुकाबाबा पाड्याचा वीणेकरी, सप्त्यात सात दिवस वीणा खाली न ठेवणारा म्हातारा. पाड्यावर देवाधर्माचं काही अडलं की त्याच्या ओट्यावर जायचं. तो सूप घेऊन नागली पाखडत होता. तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "बाबा, मी देवाशी खोटं वागले का?"

म्हाताऱ्यानं सूप खाली ठेवलं. "काम झालं का तितकं?"

"झालं. तुळशीनं माझ्यापेक्षा जास्तच बी फोडली."

"मंग खोटं नाय," तो म्हणाला. "पण खरंही लिवलं नाय, पोरी. नाव तुझं आणि हात तिचे. मधलं काय तरी हाय ते."

"सावड हाय ती, बाबा."

"मला कळतं. त्या वहीला कळतं का? सायबाला सांगून केलं असतं तर?"

"सावड कोण सांगून करतं?"

"हां," तुकाबाबा म्हणाला. "तिथंच चुकलो आपण." आणि पुन्हा सूप उचललं. 'चुकलीस' म्हणाला असता तर गोदी रडली असती. 'चुकलो' म्हणाला, म्हणून तिला उठून घरी जायचं बळ आलं. पण जिवाचा घोर तसाच राहिला. रात्र तिनं कूस बदलत काढली.

सोमवारी कागद टेबलावर होता, शेजारी पेन. साहेब, आणि भिंतीला लागून कविता.

"साहेब, एक मागू का?" गोदी उभ्यानंच म्हणाली. "त्यातला 'खोटे' शब्द काढा."

"मग काय लिहू?"

"सावड लिवा. माझ्या जागेवर दुसरी बाई बसली होती. मी तिच्या जागेवर आधी बसले होते. सावड होती."

"कोण दुसरी बाई?"

गोदीनं पेन कागदापासून बाजूला सरकवलं. साहेबांनी कपाळ चोळलं. "हे बघा, सावड मला माहीत आहे. आमच्या गावाकडेही होती. पण ती शेतात. कारखान्यात सावड कुठून आली? आणि ज्या बाईचं नावही तुम्ही सांगत नाही, तिच्यावर मी विश्वास कसा ठेवू?"

दार ढकललं गेलं. तुळशी आत आली होती, पातीवरून तशीच उठून, हात कोपरापर्यंत काळे. तिनं ते काळे हात कुठं ठेवावे ते न कळून पाठीमागे धरले.

"मी होते, साहेब. तिन्ही दिवस. आणि आषाढात माझ्या जागेवर ही होती, आठ दिवस. घरी आवणी होती माझ्या."

बाहेर खटक्यांचा खडखड आवाज चालू होता.

"कविता," साहेब म्हणाले, "तुला हे ठाऊक होतं?"

कविताचा चेहरा पांढरा पडला. नोकरी तिचीही होती, आणि धाकट्या भावाचं जव्हारचं कॉलेज त्याच नोकरीवर होतं. तिनं रजिस्टरचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"हो," ती म्हणाली. "यादीतलं एकही माणूस कमी नव्हतं, साहेब. सात जागा, सात बायका. फोडलेल्या बीचं वजनही रोज भरलंय."

"ते वजन मीही बघितलंय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता पहिल्यांदा थोडा वर गेला. "वजनाचा प्रश्नच नाही. उद्या एकीच्या नावावर दुसरी बसली आणि पातीत तिचं बोट गेलं, तर विम्याचे पैसे कोणाच्या नावानं मागू? जी घरी जेवण रांधत होती तिच्या? याचा विचार केलात कोणी?"

कोणीच केला नव्हता. गोदीला ते पटलं. पातीत बोट गेलेलं तिनं बघितलं होतं. शेतात माणूस पडला तर तो आपल्याच नावानं पडतो; इथं दुसरीच्या नावानं पडला असता.

"ते खरं हाय तुमचं," ती म्हणाली. "ते लिवा. नियम मोडला लिवा, न सांगता बसलो लिवा. मी सही करते. खोटं नका लिवू."

"मजकूर नाशिकचा आहे. मला एक अक्षर बदलता येत नाही. गोदीबाई, एका शब्दासाठी काम घालवता?"

"शब्द एकच हाय, साहेब. पण तुमच्या फायलीत तो कागद पडून राहील आणि माझ्या अंगावर शब्द."

साहेबांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "मग मला लिहावं लागेल, सही करण्यास नकार दिला."

"ते लिवा. ते खरं हाय."

कविताच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं. साहेबांच्याही ओठाचा कोपरा हलला असावा, पण त्यांनी मान खाली घालून लिहिलं. मग मान न उचलताच म्हणाले, "तुळशीबाई, तुमचाही कागद निघेल आता."

गोदी बाहेर पडली. मोरीवर हात धुवायचं कारण नव्हतं, तरी सवयीनं तिनं राख घेतली, हात चोळले आणि आठवलं की आज ती पातीवर बसलीच नव्हती. रस्त्यावर जीपची वाट बघत ती उभी राहिली. तुळशी मागून येईल असं तिला वाटत होतं. जीप आली, भरली, निघाली. तुळशी आली नाही.

त्या आठवड्यात गोदी रस्त्याच्या कामावर खडी वाहायला जाऊ लागली. काम मिळेल तेव्हा मिळायचं, नाही त्या दिवशी घर. कागदाचं काय झालं ते कविताकडून कळलं. बाजारात भेटली तेव्हा ती कुजबुजत म्हणाली, "मावशी, नाशिकला गेला तसाच. सही नाही म्हणून शेरा मारलाय. मला समज दिली." म्हणजे कागद होताच कुठेतरी, सहीशिवायचा. यानं नाव वाचलं का बुडालं, हे गोदीला धड कळेना. ती देवापुढे बसायची आणि काय मागावं तेच सुचायचं नाही, म्हणून नुसतीच बसायची.

पुढच्या रविवारी ती कुडाची भिंत सारवायला काढून बसली होती. कारवीच्या काड्या उघड्या पडल्या होत्या आणि पौषाचा वारा थेट चुलीवर यायचा. शेणमातीचा काला तिनं पायानं तुडवून ठेवला होता. ओढा ओलांडून तुळशी आली. तिनं पदर खोचलेलाच होता.

"मी सही केली," ती आल्या आल्या म्हणाली.

गोदीनं मातीचा गोळा भिंतीवर थापला.

"खोटे तास लावले, यावर माझ्या हातानं सही केली मी. घरी सांगितलं तं अर्जुन म्हणाला बरं केलंस. मला रातभर झोप नाय."

"मला काय सांगतेस," गोदी म्हणाली. "मला पन नाय."

तुळशी काल्याच्या खड्ड्याशी उकिडवी बसली. "तुझे आठ होते. मी तीन फेडले. पाच राहिले माझ्या अंगावर."

"कागदावर तं तू लिवून दिलंस, सगळं खोटं होतं."

"कागदावर."

गोदीनं वळून बघितलं. तुळशीचे डोळे लाल होते, पण ती नजर चुकवत नव्हती. तिनं हात काल्यात घातला आणि चटकन बाहेर काढला. सालं गेलेल्या बोटांना शेणमाती झोंबली असणार. मग पुन्हा घातला.

"माझी जागा गेली आता," गोदी म्हणाली. "कुठं फेडशील?"

"ही काय, भिंत हाय ना."

सावड खरी होती की नव्हती हे ठरवायचं आता गोदीच्याच हातात होतं. जा म्हटलं असतं तर तुळशी गेली असती, आणि त्या कागदावरच्या तीन ओळी खऱ्या झाल्या असत्या. राग तिच्या मनात होता, नव्हता असं नाही. तो एका रविवारी जाणाराही नव्हता. ती थोडी बाजूला सरकली आणि कारवी जिथे सगळ्यात जास्त उघडी पडली होती तो कोपरा तिनं दाखवला.

"तिथं जाड लाव. पावसाची झड तिथंच बसते."

तुळशीनं ओंजळभर काला उचलला आणि लावायला घेतला. दोघींनी मिळून तो कोपरा भरून काढला.

"दोन दिवसांचं काम हाय," शेवटी गोदी म्हणाली.

"मंग उद्या सहाला सुटले की येते."

"तुझी जादाची पाळी नसंल का?"

"नाय," तुळशी म्हणाली आणि गोळा दाबून बसवला. "यादीतून नाव कटलं माझं."